स्वगताचा उगम : आत्मकेंद्री बोलण्याचा वाद आणि साहित्यसमीक्षा

कथात्म साहित्याच्या समीक्षेत पात्राच्या मनातल्या बोलण्याविषयी जी विधाने केली जातात, त्यांच्या तळाशी बहुधा एक गृहीतक असते. ते असे की, माणसाचे अंतरंग हे आधीचे आणि त्याचा इतरांशी होणारा व्यवहार हा नंतरचा. जे अंतरंगात असते ते मुळात खाजगी, अस्फुट, व्याकरणाच्या शिस्तीआधीचे असते, आणि भाषा त्याला समाजात नेताना जेवढे देते त्याहून अधिक काढून घेते. संज्ञाप्रवाही लेखनाचा गौरव करणारा समीक्षक आणि त्यावर दुर्बोधतेचा आरोप ठेवणारा समीक्षक हे दोघेही या बाबतीत सहसा एकाच भूमीवर उभे असतात. एकाला ती अस्फुटता अस्सल वाटते, दुसऱ्याला कच्ची वाटते. ती आरंभीची आहे, याविषयी मात्र त्यांचे दुमत नसते.

या गृहीतकाची कसोटी साहित्याच्या नव्हे, तर लहान मुलांच्या बोलण्याच्या अभ्यासात लागली. १९२३ ते १९३४ या काळात, प्रथम जिनिव्हा येथे आणि नंतर मॉस्को येथे, स्वतःशी मोठ्याने बोलणारे मूल नेमके काय करीत असते या एकाच प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली गेली. या वादाचा वृत्तांत मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून वारंवार सांगितला गेला आहे. परंतु साहित्यविचाराच्या दृष्टीने त्यातील जो भाग सर्वांत महत्त्वाचा, तोच त्या वृत्तांतातून बहुतकरून गळतो. मनातल्या बोलण्याची मोडकी, त्रोटक वाक्यरचना ही विकासाच्या सुरुवातीची खूण आहे की विकासाने हाती आलेले फळ आहे, हा तो भाग होय.

१

जाँ पियाजे (१८९६–१९८०) १९२१ साली एदुआर क्लापारेद यांच्या निमंत्रणावरून जिनिव्हा येथील रूसो संस्थेत आले. ही संस्था १९१२ साली स्थापन झाली होती आणि तिला जोडून लहान मुलांची एक शाळा होती. या शाळेत मुलांना काय करावे, कोणाशी बोलावे याची बरीच मोकळीक असे. तेथील सहा वर्षांच्या दोन मुलांची सकाळच्या वेळची सर्व वाक्ये सुमारे महिनाभर क्रमवार टिपून घेण्यात आली आणि प्रत्येक वाक्य कोणासाठी उच्चारले गेले या निकषावर त्यांची वर्गवारी करण्यात आली. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुलाची भाषा आणि विचार’ या ग्रंथाचा पाया ही वर्गवारी आहे.

एका बाजूला पियाजे यांनी सामाजिक बोलणे ठेवले : माहिती देणे, टीका करणे, आज्ञा, विनंती, धमकी, प्रश्न आणि उत्तर. दुसऱ्या बाजूला आत्मकेंद्री बोलणे ठेवले. त्याचे तीन प्रकार होते : ऐकलेल्या ध्वनींची निव्वळ पुनरावृत्ती, एकट्याचे एकभाषित आणि सामूहिक एकभाषित. यांपैकी शेवटचा प्रकार विशेष लक्ष वेधून घेणारा आहे. मुले एकाच टेबलाभोवती बसलेली असतात, प्रत्येक जण आपल्या कामाविषयी मोठ्याने बोलत असतो, इतर ऐकत आहेत असे त्याला वाटतही असते. पण कोणी ऐकते आहे की नाही याची तो फिकीर करीत नाही आणि उत्तराची वाटही पाहत नाही. या दोन मुलांच्या बोलण्यात आत्मकेंद्री वाक्यांचे प्रमाण अनुक्रमे ०.४७ आणि ०.४३ भरले. म्हणजे सहाव्या वर्षीदेखील मुलाचे जवळजवळ निम्मे बोलणे कोणाला उद्देशून नव्हते.

पियाजे यांचा निष्कर्ष असा होता की, अशा बोलण्याला काही कार्य नाही. ते कृतीबरोबर चालते, कृतीत भर घालीत नाही. मुलाला दुसऱ्याची भूमिका घेता येत नाही, म्हणून ते आपल्यापुरते बोलते. सातव्या-आठव्या वर्षी खऱ्या अर्थाने सामाजिक जीवन सुरू झाले की हे बोलणे आटते आणि नाहीसे होते.

या निष्कर्षामागे एक विकासक्रम होता आणि त्याचे उगमस्थान शाळेत नव्हते. १९१८–१९ मध्ये पियाजे झुरिक येथे होते. ऑयगेन ब्लॉयलर यांची स्वमग्न विचाराची कल्पना आणि फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषण यांचा तेथे त्यांना जवळून परिचय झाला. १९२० ते १९२३ या काळात जिनिव्हा येथे असलेल्या साबिना स्पीलराइन यांच्याकडे त्यांनी १९२१ मध्ये मनोविश्लेषणही करून घेतले होते. ‘पापा’ आणि ‘मामा’ या शब्दांच्या उत्पत्तीवर स्पीलराइन यांनी लिहिलेला निबंध १९२२ चा आहे. स्वतःपुरती वाणी आणि दुसऱ्यासाठीची वाणी हा भेद त्यातही आहे. या वातावरणात पियाजे यांनी विचाराची शिडी रचली : खालच्या पायरीवर इच्छापूर्तीत रमणारा, वास्तवाशी न जुळणारा स्वमग्न विचार, वरच्या पायरीवर तर्कशुद्ध, सामाजिक विचार, आणि आत्मकेंद्री विचार या दोहोंच्या मधला. म्हणजे मूल खाजगीकडून सामाजिकाकडे जाते.

हाच क्रम त्याच काळात साहित्यविचारातही स्थिरावत होता. ‘युलिसिस’ १९२२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे एदुआर द्युजार्दाँ यांच्या १८८७ च्या विस्मृत कादंबरीकडे पुन्हा लक्ष गेले. १९३१ साली द्युजार्दाँ यांनी आंतरिक एकभाषितावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहून त्याची व्याख्या बांधली. त्या व्याख्येचे घटक असे : श्रोता नसणे, उच्चार नसणे, अबोध मनाशी निकटता, तार्किक रचनेपूर्वीची अवस्था, आणि वाक्यरचनेचा किमान सांगाडा. हे घटक पियाजे यांच्या आत्मकेंद्री विचाराशी किती जुळतात हे सहज दिसते. एकाने दुसऱ्याकडून ते उचलले असे मानण्याचे कारण नाही. दोघेही एकाच युगाच्या समजुतीने बोलत होते. पण जुळणीचा परिणाम असा झाला की, वाक्यरचना त्रोटक असणे आणि विचार तर्कपूर्व असणे या दोन वेगळ्या गोष्टी एकच मानल्या गेल्या.

२

लेव्ह व्हायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांचा जन्म पियाजे यांच्याच वर्षातला. मात्र मानसशास्त्राकडे ते साहित्याच्या वाटेने आले. ‘हॅम्लेट’वरचा त्यांचा प्रदीर्घ निबंध १९१६ चा आहे आणि ‘कलेचे मानसशास्त्र’ हा १९२५ चा प्रबंध क्रिलोव्हच्या नीतिकथा, बुनिनची एक कथा आणि ‘हॅम्लेट’ यांच्या विश्लेषणावर उभा आहे. रूपवादी समीक्षकांशी त्यांचा वाद होता, पण तो त्यांच्या लेखनाशी पूर्ण परिचय असलेल्या माणसाचा वाद होता. संवादात्मक वाणीवरील याकुबिन्स्की यांचा १९२३ चा निबंध त्यांनी पुढे आधाराला घेतला, तो या परिचयातूनच.

पियाजे यांच्या ग्रंथाचा रशियन अनुवाद १९३२ साली निघाला, त्याची प्रस्तावना व्हायगॉट्स्की यांची होती. हीच प्रस्तावना १९३४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मुख्य ग्रंथाचे दुसरे प्रकरण झाली. पियाजे यांच्या निरीक्षणांविषयी तीत आदर आहे. आक्षेप आहे तो अर्थनिर्णयाविषयी, आणि तो प्रयोगांनी सिद्ध करण्याचा प्रयत्न आहे.

पहिल्या प्रयोगांत मुलांच्या कामात मुद्दाम अडथळे आणले गेले. चित्र काढायला बसलेल्या मुलाला हवा तो कागद वा हव्या त्या रंगाची पेन्सिल ऐन वेळी मिळेनाशी केली गेली. अशा वेळी आत्मकेंद्री बोलण्याचे प्रमाण पियाजे यांच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट झाले. मूल अडले की बोलू लागते. साडेपाच वर्षांचे एक मूल ट्राम काढीत असता पेन्सिलीचे टोक मोडले. ‘मोडली’ अशा अर्थाचा एक शब्द ते स्वतःशी पुटपुटले, पेन्सिल बाजूला ठेवून त्याने जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम काढली. येथे शब्द कृतीच्या मागून फरफटत येत नाही. तो कृतीला वळण देतो. मुले चित्राला नाव प्रथम चित्र पुरे झाल्यावर देतात, नंतर मध्यावर आणि शेवटी आरंभी, हे निरीक्षणही याच दिशेचे आहे. शब्द हळूहळू पुढे सरकतो आणि योजना होतो.

दुसऱ्या प्रयोगांचा रोख श्रोत्यावर होता. आत्मकेंद्री बोलणे जर समाजनिरपेक्ष असेल, तर सोबती काढून घेतल्यावर ते वाढायला हवे, निदान कमी तरी होऊ नये. म्हणून मुलाला बहिऱ्या मुलांमध्ये किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये ठेवण्यात आले. बहुतेक मुलांत हे बोलणे पूर्ण थांबले; उरलेल्यांत ते सरासरी एक-अष्टमांशावर आले. मुलाला एकटे वा अनोळखी मुलांबरोबर ठेवल्यावर प्रमाण सुमारे एक-षष्ठांश उरले. शेजारी वाद्यवृंद वाजू लागून आपलाच आवाज ऐकू येईनासा झाला तरी ते घटले. आपले बोलणे कोणाला तरी कळते आहे हा विश्वास गेला, की स्वतःशी बोलणेही जाते. म्हणजे स्वतःशी बोलणारे मूल समाजाबाहेर नसते. दुसऱ्याशी बोलण्याची रीत ते स्वतःवर वापरून पाहत असते.

यातून व्हायगॉट्स्की यांनी पियाजे यांची शिडी उलटी ठेवली. विचाराची आणि वाणीची मुळे वेगवेगळी आहेत, हे त्यांनी टेनेरिफ येथील चिंपांझींवरच्या क्योलर यांच्या प्रयोगांवरून मान्य केले होते. वाणीपूर्व बुद्धी असते आणि बुद्धिपूर्व वाणीही असते; साधारण दुसऱ्या वर्षाच्या सुमारास या दोन धारा एकमेकींना मिळतात. पण वाणी आरंभापासून सामाजिकच असते. पुढे ती दुभंगते : एक शाखा दुसऱ्यांसाठी, एक स्वतःसाठी. स्वतःसाठीची शाखा प्रथम मोठ्याने चालते, मग आवाज टाकून देते आणि अंतर्वाणी होते. सातव्या-आठव्या वर्षी आत्मकेंद्री बोलणे मरत नाही. ते आत जाते.

३

साहित्यविचाराच्या दृष्टीने निर्णायक ठरणारा युक्तिवाद यापुढचा आहे आणि तो रचनेविषयीचा आहे. पियाजे यांचे म्हणणे खरे असेल तर आत्मकेंद्री बोलणे तिसऱ्या वर्षी सर्वांत दुर्बोध असायला हवे आणि वयाबरोबर ते सामाजिक बोलण्याच्या अधिकाधिक जवळ यायला हवे. प्रत्यक्षात उलटे घडते. तिसऱ्या वर्षी मुलाच्या दोन्ही बोलण्यांत फरक जवळजवळ नसतो. सातव्या वर्षी तो सर्वांत मोठा असतो. स्वतःशी चाललेले बोलणे उत्तरोत्तर त्रोटक होते, त्यातून कर्ता गळतो, विशेषणे गळतात, केवळ विधेय उरते. प्रमाण घटत जाते आणि रचनेतले वेगळेपण वाढत जाते. जे मरू घातले आहे त्याची अशी वाढ होत नाही.

अर्थात त्रोटकपणा हा आरंभीच्या कच्चेपणाचा नव्हे, तर परिपक्वतेचा गुण ठरतो. विधेय तेवढे उरते, कारण उद्देश्य आधीच ठाऊक असते. व्हायगॉट्स्की यांनी यासाठी घेतलेली उदाहरणे साहित्यातली आहेत. ‘अ‍ॅना कॅरेनिना’मध्ये किटी आणि लेव्हिन केवळ शब्दांची आद्याक्षरे लिहून एकमेकांना मनातले सांगतात, कारण काय सांगायचे आहे हे दोघांनाही आधीच उमगलेले असते. दोस्तोयेव्हस्कीच्या दैनंदिनीत सहा मद्यपी कामगार एकच असभ्य शब्द सहा वेगळ्या स्वरांत उच्चारून अख्खा वाद पार पाडतात. ट्रामची वाट पाहणाऱ्यांपैकी एक जण फक्त क्रियापद उच्चारतो आणि सर्वांना कळते. दोन व्यक्तींची मने जितकी जवळ, तितकी वाक्ये आखूड. अंतर्वाणीत बोलणारा आणि ऐकणारा एकच असल्यामुळे ही जवळीक पराकोटीला पोचते.

हा मुद्दा मराठीच्या अंगाने पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. थांब्यावर कोणी ‘आली’ एवढेच म्हटले तर बसचा उल्लेख नसूनही तिचे लिंग आणि वचन क्रियापदात शिल्लक असते. ‘विसरलो’ या एका शब्दात बोलणारा कोण याची अर्धी ओळख असते. गळलेला कर्ता मराठीत आपली खूण मागे ठेवून जातो. अशा वाक्याला अपूर्ण म्हणणे म्हणजे त्यातल्या पूर्वसंमतीकडे डोळेझाक करणे होय.

आता द्युजार्दाँ यांच्या व्याख्येकडे वळले असता तिच्यातील घोटाळा ध्यानात येतो. वाक्यरचनेचा किमान सांगाडा हे निरीक्षण अचूक आहे. पण त्यापुढची उडी, म्हणजे असे बोलणे तार्किक रचनेच्या आधीचे आहे ही, निरीक्षणातून निघत नाही. एकाच वस्तुस्थितीची दोन स्पष्टीकरणे संभवतात : अजून घडलेले नाही म्हणून त्रोटक, किंवा पुरते घडलेले आहे म्हणून त्रोटक. या दोहोंतील निवड समीक्षेने केली नाही. ती तिच्यासाठी आधीच झालेली होती. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या संज्ञाप्रवाही कादंबरीसारखी कृती वाचताना तिच्यातील तुटक वाक्यांकडे अबोध मनाचा लोंढा म्हणून पाहायचे, की शिक्षित, बहुभाषी, वाचनाने भारलेल्या मनाने स्वतःशी राखलेला संक्षेप म्हणून पाहायचे, हा प्रश्न त्यामुळे तपशिलाचा राहत नाही. पहिल्या वाचनात संदर्भ आणि संस्कार हे लोंढ्यात वाहून आलेले तुकडे ठरतात. दुसऱ्या वाचनात तेच त्या संक्षेपाचे कारण ठरतात.

४

व्हायगॉट्स्की यांचे उत्तर समीक्षेपर्यंत वेळेवर पोचले नाही, यालाही इतिहास आहे. त्यांचे निधन ११ जून १९३४ रोजी क्षयाने झाले. ग्रंथाचे शेवटचे प्रकरण ओसिप मान्देलश्ताम यांच्या, विसरलेल्या शब्दाविषयीच्या काव्यपंक्तींनी उघडते. ग्रंथ बाहेर आला त्या वर्षीच्या मे महिन्यात या कवीला अटक झाली होती. ४ जुलै १९३६ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने बालाध्ययनशास्त्राविरुद्ध ठराव केला आणि त्यानंतर वीस वर्षे व्हायगॉट्स्की यांचे लेखन पुन्हा छापले गेले नाही. अंतर्वाणीविषयी त्याच पिढीत आणखी दोघांनी लिहिले होते. बोरिस आयखेनबाउम यांनी १९२७ साली चित्रपटाच्या प्रेक्षकाची अंतर्वाणी चर्चेत आणली. व्ही. एन. व्होलोशिनोव्ह यांनी १९२९ साली, अंतर्वाणीची रचना वाक्यांपेक्षा संवादातील उक्ती-प्रत्युक्तींसारखी असते असे प्रतिपादन केले. हा सारा विचार एकदमच झाकोळला गेला.

ग्रंथ रशियात १९५६ साली पुन्हा निघाला आणि १९६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्यात मोठी काटछाट होती. पुनरुक्ती आणि समकालीनांशी केलेले वाद आजच्या वाचकाला निरुपयोगी म्हणून भाषांतरकर्त्यांनी वगळले होते. त्यामुळे संवादातून विचार घडतो असे सांगणारा ग्रंथ वाचकांच्या हाती एकभाषितासारखा आला. शीर्षकही बदलले. रशियन शीर्षकातील दोन्ही शब्द क्रियादर्शक आहेत : विचार करणे आणि बोलणे. इंग्रजीत ते ‘विचार’ आणि ‘भाषा’ झाले, म्हणजे दोन सिद्ध वस्तू झाल्या. १९८७ च्या नव्या भाषांतराने ही चूक दुरुस्त केली. पण तोवर जुने शीर्षक रूढ होऊन बसले होते. इंग्रजीतून वाचणाऱ्या भारतीय अभ्यासकांकडेही हाच ‘भाषा’ शब्द आला, आणि बोलण्याविषयीचा वाद व्याकरणाविषयीचा असल्याचा समज सहज होऊ लागला. ‘कलेचे मानसशास्त्र’ तर रशियनमध्येच १९६५ साली प्रथम छापले गेले. समीक्षक व्हायगॉट्स्की मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कींच्या मागून आले. वास्तविक क्रम उलटा होता.

१९६२ च्या भाषांतराबरोबर पियाजे यांचे उत्तरही एका पुस्तिकेच्या रूपाने निघाले. समवयस्काचा ग्रंथ इतक्या वर्षांनी, त्याच्या मृत्यूनंतर हाती यावा याचे दुःख त्यांनी व्यक्त केले. आत्मकेंद्री बोलणे हे अंतर्वाणीचा आरंभबिंदू असते हे त्यांनी मान्य केले. पण एक आक्षेपही नोंदवला आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. आत्मकेंद्रितता म्हणजे स्वार्थ वा एकांत नव्हे, तर आपल्या दृष्टिकोनाहून वेगळा दृष्टिकोन असतो याचे भान नसणे होय. मूल सामाजिक आहे म्हणून ते दुसऱ्याला समजून घेते असे होत नाही. समाजात असणे आणि दुसऱ्याची बाजू कळणे यांत अंतर आहे, आणि व्हायगॉट्स्की ते अंतर फार सहज ओलांडतात.

नंतरच्या संशोधनाने या आक्षेपाला वजन दिले, परंतु वेगळ्या रीतीने. निकाराग्वातील मानाग्वा येथे १९७० नंतरच्या दशकाअखेर बहिऱ्या मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि त्या मुलांच्या आपसांतील व्यवहारातून एक नवी खूणभाषा जन्माला आली. जेनी पायर्स आणि अ‍ॅन सेंगास यांच्या २००९ च्या अभ्यासात असे आढळले की, या भाषेच्या पहिल्या पिढीतील प्रौढांना दुसऱ्याचा समज चुकीचा असू शकतो हे ओळखणे जड जात होते. ‘वाटणे’, ‘माहीत असणे’ यांसाठी खुणा त्यांच्या बोलण्यात आल्यानंतर त्यांना ते साधू लागले. दुसऱ्याची बाजू कळणे नुसत्या सहवासाने येत नाही, येथवर पियाजे बरोबर ठरतात. ते ज्या साधनाने येते ते साधन व्हायगॉट्स्की यांनी दाखवलेले आहे. याच पुराव्याने मॉस्कोच्या प्रयोगातील एक आंधळा कोपराही उजळतो. तेथे बहिरी मुले केवळ शांतता म्हणून वापरली गेली होती. त्यांच्याशी बोलता येत नाही हे ऐकू येणाऱ्या मुलाच्या बाजूने मोजले गेले. त्यांचे आपसांतील बोलणे कोणी टिपून घेतले नाही.

५

मराठी समीक्षेला हा वाद संपूर्ण परका वाटण्याचे कारण नाही. शब्दाचा अर्थ मूल कसे शिकते याची चर्चा मम्मट आणि विश्वनाथ यांच्या ग्रंथांत आहे. वडीलधारा दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो, तो गाय आणतो; पुढे ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ असे होते; आणि बाजूला उभे असलेले मूल शब्दांच्या या घालण्या-काढण्यातून एकेका पदाचा अर्थ वेगळा करते. येथे अर्थ अंतरंगातून उगवत नाही, तो वृद्धव्यवहारातून मिळतो. मात्र हे मूल अवाक् आहे. ते पाहते, ऐकते, बोलत नाही. याउलट भर्तृहरीचे मूल पूर्वसंस्कारांनी आलेली शब्दभावना घेऊनच जन्मते. मध्यमा वाणी आणि व्हायगॉट्स्की यांची अंतर्वाणी यांची बरोबरी करण्याचा मोह येथे होतो, पण तो आवरायला हवा. भर्तृहरीच्या परंपरेत वाणी पश्यंतीकडून वैखरीकडे, आतून बाहेर येते; व्हायगॉट्स्की यांच्याकडे ती बाहेरून आत जाते. साम्य अवस्थेचे आहे, दिशेचे नाही, आणि वाद दिशेचाच आहे.

अधिक उपयोगी पडणारी संज्ञा नाट्यशास्त्राच्या परंपरेत सापडते. ‘दशरूपक’ नाट्यगत बोलण्याचे वर्गीकरण बोलणाऱ्याच्या मनःस्थितीवरून करीत नाही, ऐकणाऱ्यावरून करते : सर्वांनी ऐकायचे ते प्रकाश, ठरावीक जणांनी ऐकायचे ते जनान्तिक व अपवारित, कोणीच ऐकायचे नाही ते स्वगत. अनुपस्थिताशी बोलायचे ते आकाशभाषित. स्वगताचीही व्याख्या श्रोत्याच्या संदर्भाने होते, त्याला वगळून होत नाही. पियाजे यांचे मूल चुकून मोठ्याने स्वगत बोलते. व्हायगॉट्स्की यांच्या मुलाचे स्वगत हे प्रकाशातून उतरत गेलेले बोलणे असते.

हे मान्य केले तर एक अप्रिय निष्कर्षही मान्य करावा लागतो. अंतर्वाणी जर इतरांच्या बोलण्यातून घडत असेल, तर इतरांनी मुलाशी काय आणि कसे बोलले हे तिच्यात राहणारच. ज्या मुलाला भाषा प्रामुख्याने हुकूम, हेटाळणी आणि बंदी यांच्या रूपाने भेटली, त्याचे स्वतःशी बोलणेही त्या आवाजांपासून मुक्त असू शकत नाही. व्हायगॉट्स्की यांच्या वर्णनातील संवाद बहुधा सहकार्याचा आहे. लेव्हिन आणि किटीप्रमाणे तेथे दोन मने जुळलेली असतात. व्होलोशिनोव्ह यांनी आत बोलणाऱ्या आवाजांत समाजातील संघर्षही पाहिला, आणि ही भर आवश्यक आहे.

दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाची योजना या ठिकाणी नव्याने पाहता येते. येथे लेखक सरळ आपली कहाणी सांगत नाही. दगडू मारुती पवार त्याला भेटतो आणि ती सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे आहेत : एक गावाने घरादारासह दिलेले, दुसरे शिक्षणाने आणि लेखनाने मिळवलेले. ही केवळ निवेदनाची युक्ती मानली तर तिचे कारण हाती लागत नाही. ज्या बोलण्याने एक नाव घडले ते बोलणे दुसऱ्या नावाच्या माणसाला स्वगत म्हणून पुरते आत घेता येत नाही. म्हणून ते संवादाच्या रूपात बाहेरच राहते. संज्ञाप्रवाही कादंबरीत कर्ता गळतो, कारण तो गृहीत असतो. येथे तो दोनदा नावानिशी उच्चारावा लागतो, कारण गृहीत धरण्याइतकी एकवाक्यता त्या दोघांत नाही.

अंतरंग हे समाजाआधीचे मानणाऱ्या समीक्षेला यातील पहिली कृती खोल आणि दुसरी सामाजिक वाटते, आणि दलित आत्मकथनांना ‘दस्तऐवज’ ठरवणाऱ्या निवाड्यांमागे हा भेद पुष्कळदा काम करीत आला आहे. जिनिव्हा आणि मॉस्को येथील मुलांच्या बोलण्याचा इतिहास या भेदाचा आधारच काढून घेतो. दोन्ही कृतींत मनातले बोलणे सारखेच सामाजिक आहे. फरक आहे तो ते कोणत्या समाजातून, कोणत्या अटींवर आत आले याचा. समीक्षेने विचारायचा प्रश्न तो आहे, आणि तो दोन्ही प्रकारच्या लेखनाला सारख्याच काटेकोरपणे विचारला गेला पाहिजे.